पडून राहणारी करवत

चेनसॉ, म्हणजे झाडं कापायचा साखळीचा कटर, घ्यायला दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती सीसी?’ विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: वर्षातले किती दिवस ही मशीन बंद असणार?

कोकणातल्या एखाद्या घराचं परडं घ्या. दहा-बारा माड, दोन आंबे, एक फणस, कुंपणाला शेवगा आणि सुबाभूळ. मे महिन्यात कौलांवर आलेल्या फांद्या काढायच्या. पावसात एखादं झाड आडवं होतं, ते तोडून वाट मोकळी करायची. थंडीच्या आधी न्हाणीच्या चुलीपुरतं सरपण करायचं. सगळं मिळून इंजिन प्रत्यक्ष चालतं ते वर्षाला आठ-दहा तास. उरलेला काळ मशीन पडवीत खुंटीला किंवा माळ्यावर. त्यामुळे घरगुती कटर कामाने झिजून जातोय असं क्वचितच होतं. तो मरतो पडून राहून. टाकीत आंबलेलं पेट्रोल, कडक झालेला कार्ब्युरेटरचा पडदा, गंजलेली चेन, उंदराने कुरतडलेली नळी. स्वस्तातली मशीन निवडताना ‘जास्त ताकद कुठली’ यापेक्षा ‘पडून राहणं कुणाला सोसतं’ हे पाहिलं तर निम्मी यादी आपोआप गळते.

सगळ्यात आधी गळायला हवी ती ‘५८ सीसी, २२ इंची’ पेट्रोल मशीन. साधारण ५ ते ८ हजारांत मिळते, दिसते दणकट, आणि ‘एवढ्या पैशात एवढी मोठी’ या हिशेबाने ती घरी येते. एक गणित दुकानातच करून बघता येतं. माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल दिलेली असेल, तर व्यासाचा वर्ग गुणिले चाल गुणिले ०.७८५. व्यास ४.५२ सेंटिमीटर आणि चाल ३.२५ सेंटिमीटर असेल, तर उत्तर ५२ येतं. मग डब्यावर ५८ छापलेलं असो की ६२. पण ५२ सीसीसुद्धा घरासाठी जास्तच. पेट्रोल-ऑइल भरून ही मशीन सात-आठ किलोंच्या घरात जाते. पहिली पंधरा मिनिटं ते वजन जाणवत नाही. नंतर दंड थरथरायला लागतात, पात्याचं, म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते त्या पट्टीचं, टोक खाली झुकतं आणि मातीत घुसतं. चेन एकदा मातीला लागली की तिची धार गेली. २२ इंची पात्याचं टोक कुठे आहे हे कापणाऱ्याला नीट दिसतही नाही, आणि कटरचे वाईट अपघात टोकाशीच होतात. त्याबद्दल पुढे.

आपल्याला कापायचं काय, ते टेपने मोजावं. कौलावर येणारी आंब्याची फांदी चार ते सात इंच. शेवगा, सुबाभूळ सहा-आठ इंच. माडाचा बुंधा मधल्या उंचीवर दहा-बारा इंच. १४ इंची पात्याने १२ इंचापर्यंतचं लाकूड एका दमात कापतं, आणि दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर वीस-बावीस इंचाचा ओंडकाही सुटतो, वेळ लागतो इतकंच. त्याहून जाड, म्हणजे म्हाताऱ्या फणसाचा बुंधा, वर्षातून एकदा कापायचा असेल तर कटरवाल्याला बोलवावं. त्याची एक दिवसाची मजुरी मोठ्या मशीनच्या एका दुरुस्तीपेक्षा सहसा कमीच पडते. १४ इंची पातं आणि ३० ते ३५ सीसीचं इंजिन हा घरगुती पेट्रोल मशीनचा मुक्काम. नावाजलेल्या कंपन्यांची या मापाची मशीन चार किलोंच्या आसपास भरते आणि स्वस्त मोठ्या मशीनच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळते. तेवढे पैसे द्यायचे नसतील तर वापरलेली छोटी घ्यावी, किंवा पेट्रोलचा नादच सोडावा.

आता दातांबद्दल. सीसीपेक्षा हा विषय मोठा आहे, आणि स्वस्त मशीनच्या बाबतीत तर हाच विषय आहे.

पूर्वी चेनसॉची चेन म्हणजे साध्या करवतीचेच दात साखळीवर बसवलेले असायचे. ते लाकूड ओरबाडायचे, भुश्याने भरायचे आणि दर थोड्या वेळाने घासावे लागायचे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका खोडात किड्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती सरळ पुढे न खाता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत जात होती. त्या जबड्याची नक्कल करून त्याने एक डावा, एक उजवा अशा आकड्यांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला तिचा धंदा सुरू केला. आजही बहुतेक सगळ्या चेन त्याच घडणीच्या आहेत. ती अळी लांब मिशांच्या भुंगेऱ्याची होती, म्हणजे आपल्या आंब्याला आतून पोखरणाऱ्या भिरुडाच्याच कुळातली. बागाईतदार ज्याच्या नावाने बोटं मोडतो, त्याच्याच चुलतभावाचा जबडा या मशीनवर फिरतो आहे.

एक दात जवळून पाहा. मागे कोयत्याच्या पात्यासारखा वळलेला आकडा, त्याची वरची कड आणि बाजूची कड मिळून एक टोकदार कोपरा. त्याच्या पुढे एक छोटा खुंट. आकडा लाकडात किती खोल जायचा ते हा खुंट ठरवतो. खुंटाचा माथा आकड्याच्या माथ्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. आकडा घासत गेलो की त्याची उंची कमी होते. खुंट तेवढाच राहिला तर फरक संपतो आणि धार असूनही चेन लाकडावरून नुसती घसरते. ‘कालच घासली तरी कापत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. उलट खुंट जास्त घासला तर दात लाकडात रुततो, मशीन हिसके देते, छोटं इंजिन जागच्या जागी गुदमरतं.

धार गेली हे ओळखायला दात बघायचीही गरज नाही, खाली काय पडतंय ते बघावं. धारदार चेन नखाएवढ्या कपच्या टाकते. बोथट चेन पिठासारखा भुसा टाकते, धूर काढते आणि माणसाला मशीन दाबायला लावते. दाबायला लागलात की थांबा. दाबल्याने पातं तापतं, ऑइल जळतं, क्लच घसरतो, आणि स्वस्त मशीनचं पहिलं मोठं दुखणं इथून सुरू होतं. काप सरळ न जाता चंद्रकोरीसारखा एका अंगाला वळत असेल, तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा बोथट किंवा आखूड झालेत.

घासायला गोल कानस लागते, आणि तिचं माप चेनप्रमाणे बदलतं. छोट्या मशीनवर बहुतेक वेळा ३/८ पिचची (पिच म्हणजे चेनच्या रिव्हेटांतलं सरासरी अंतर, इंचात) लो प्रोफाइल, म्हणजे बुटकी चेन असते, तिला ४ मिलिमीटरची कानस. ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची. पातं वाइसमध्ये (शिकंज्यात) धरून, ब्रेक लावून, आकड्याच्या वरच्या कडेला ३० अंशाचा कोन ठेवून आतून बाहेर कानस ढकलायची. ओढताना उचलायची, पुढे-मागे खरवडली तर कानस आणि दात दोन्ही जातात. प्रत्येक दाताला मोजून तीन किंवा चार घास, एक दात सोडून एक. मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे दात, तेवढेच घास. एक दात दगडाला लागून जास्त गेला असेल तर बाकीच्यांनाही हळूहळू त्याच्या लांबीवर आणायचं. चार-पाच वेळा घासून झाल्यावर खुंटांवरून चपटी कानस फिरवायची, त्यासाठी पोलादी पट्टीचा छोटा गेज मिळतो तो लावून. पहिल्यांदा अर्धा तास जातो, पुढे दहा मिनिटांत होतं. विजेच्या ग्राइंडरने चेन घासून आणली की दाताचं टोक निळं पडलेलं दिसतं. तो पोलादाचं पाणी उतरल्याचा रंग, आणि तसा दात पुन्हा धार धरत नाही.

माडाचं वेगळं. माडाला वार्षिक वलयं नसतात. कडेचा चार बोटांचा थर लोखंडासारखा, आतला गाभा भुसभुशीत. कडेचा थर चेन पटकन बोथट करतो, आणि आतले लांब तंतू स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, झाकणात जाऊन काथ्यासारखे गुंडाळतात. दर दोन-तीन कापांनंतर मशीन बंद करून झाकण उघडून ते ओढून काढावे लागतात. नाही काढले तर ते ऑइल यायचं भोक बुजवतात आणि पातं कोरडं चालायला लागतं.

चेन बदलायची वेळ आली की लोक ‘१४ इंची द्या’ म्हणतात आणि घरी येऊन ती बसत नाही. १४ इंची पात्याला काही मशीनवर ५० कड्या लागतात, काहींवर ५२. कड्या म्हणजे खालच्या, खोबणीत फिरणाऱ्या. पात्याच्या बुडाशी तीन आकडे कोरलेले असतात: पिच, खोबणीची जाडी आणि कड्यांची संख्या. जसं ३/८, ०.०५०, ५२. हे तिन्ही फोनमध्ये फोटो काढून ठेवावेत. आकडे पुसले गेले असतील तर सलग तीन रिव्हेटांतलं अंतर मोजून दोनने भागलं की पिच मिळतो, आणि कड्या बोटाने मोजता येतात. मशीन घेतानाच दुसरी चेन घ्यावी. दोन चेन आळीपाळीने वापरल्या की कापता कापता धार गेली तरी काम अडत नाही.

विजेच्या मशीनला आपल्याकडे कोणी मान देत नाही, आणि हा अन्यायच आहे. १६०० ते २००० वॅटची वायरवाली मशीन साधारण पेट्रोलच्या स्वस्त मशीनच्याच किमतीत येते. तिच्यात आंबायला पेट्रोल नाही, कार्ब्युरेटर नाही, दोरी नाही. दोन वर्षं माळ्यावर राहिली तरी प्लग लावला की चालू. घराभोवती पंचवीस-तीस मीटरच्या आत काम असेल, किंवा ओंडके अंगणात आणून कापता येत असतील, तर माझं मत हिलाच. अट दोनच गोष्टींची. १६०० वॅटला साधारण ७ अँपिअर लागतात, म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती लावायची नाही. गिझरचं मोठं सॉकेट हवं. आणि वायर २.५ एमएमची, पूर्ण उलगडलेली. गुंडाळीच्या आत वायर ठेवून मशीन चालवली की गुंडाळी तापते आणि आवरण वितळतं. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मोटर मंद फिरते, माणूस जोर लावतो आणि मोटर जळते; काम सकाळी करावं. भर पावसात नको, आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

विजेचं मोठं वैगुण्य एकच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या पट्ट्यावरून गेलं, तेव्हा झाडं आणि विजेचे खांब एकाच वेळी आडवे झाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. कटर जेव्हा सगळ्यात जास्त हवा, नेमका तेव्हाच प्लग मेलेला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. ज्यांचं घर वाडीत आत आहे आणि वाट एकच आहे, त्यांनी हा विचार करून पेट्रोलकडे वळावं. बाकीच्यांनी वळू नये.

बॅटरीवरचा चार-सहा इंची मिनी कटर दीड-दोन हजारांपासून मिळतो. खेळणं नाही, पण त्याच्या डब्यावरचे आकडे खेळच आहेत. ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असं छापलेल्या बॅटरीच्या पोटात बहुतेक वेळा पाच सेल एका ओळीत असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे एकूण १८. पूर्ण चार्ज झाल्यावर २१. सेल दीड-दोन अँपिअर-अवरचे असतील तर एका बॅटरीत २७ ते ३६ वॅट-अवर. १६०० वॅटची मशीन तेवढी वीज दीड मिनिटाच्या आत पिऊन टाकेल. यावरून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं: दोन-तीन इंचाच्या फांद्या, डाळिंब-पेरूची छाटणी, शेवग्याची कापणी. तेवढ्याला तो उत्तम. मात्र यांतल्या अनेकांना चेनला ऑइल देणारा पंप नसतो, दर काही कापांनंतर हाताने थेंब सोडावे लागतात. आणि तो एका हाताने धरता येतो म्हणून दुसरा हात फांदीला जातो, तेव्हाच बोटं जातात.

पेट्रोलची घेतलीच तर खरी लढाई इंधनाशी आहे. २०२५ पासून देशभरात पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर हवा म्हणजे निम्मं पाणीच. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन टाकीच्या तळाशी बसतो. टाकीतला फिल्टर नेमका तळाशी लोळत असतो, म्हणजे इंजिनाला मिळतो तो हाच थर, ज्यात ऑइल नीट मिसळलेलं नसतं. चालू झालीच मशीन तर पिस्टनवर ओरखडे पडतात. म्हणून पेट्रोल लागेल तेवढंच कालवायचं आणि महिन्याच्या आत संपवायचं. ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, अर्ध्या लिटरला १०. औषधाच्या दुकानातली १० मिलिलिटरची सिरिंज यासाठी ठेवून द्यावी. ‘एक झाकण’ हे माप नव्हे. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत बरेचदा २५:१ असतं, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. तिथे पुस्तिकेचंच ऐकावं. ऑइल टू-टीचंच, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं, बाटलीवर जासो एफडी (अशा ऑइलची एक जपानी प्रत) लिहिलेलं मिळालं तर ते. मोटरसायकलचं फोर-टी ऑइल घालणारे कमी नाहीत. ते नीट जळत नाही, सायलेन्सरच्या तोंडात काजळीचा बूच होतो आणि मशीन हळूहळू दम सोडते.

पात्याला ऑइल देणाऱ्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल टाकायची पद्धत सर्रास आहे. त्यात लोखंडाचा चुरा असतो, तो पंप आणि खोबणी दोन्ही खातो, आणि चेनवरून उडून ते अंगावर, नाकातोंडात येतं. कॅन्सरला कारण ठरणारी द्रव्यं असतात त्यात. चेन ऑइल मिळालं नाही तर नवं, घट्ट इंजिन ऑइल चालेल. ऑइल येतंय का ते बघायला पात्याचं टोक वर्तमानपत्रापासून वीतभर लांब धरून दहा सेकंद रेस द्यावी. कागदावर तेलकट रेघ उमटली पाहिजे. दुकानात मशीन चालू करून दाखवायला सांगून हीच चाचणी करून घ्यावी, कारण स्वस्त मशीनचा ऑइल पंप हा तिचा सगळ्यात कच्चा भाग. तिथेच आणखी बघावं: रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबते का, पुढचा ब्रेक मनगटाने ढकलल्यावर ताडकन लागतो का, चेन ताणायचा स्क्रू धातूचा आहे का, आणि रिकॉइल स्प्रिंग (ओढलेली दोरी परत गुंडाळणारी), क्लच ड्रम, कार्ब्युरेटर हे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का. शेवटच्या प्रश्नाला ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघावं.

उरलेल्या पैशात शूज, जाड पँट, चष्मा, कानाला मफ. चेन अडकवून थांबवणारे चॅप्स, म्हणजे पायांवर बांधायची जाड आवरणं, मिळाले तर आधी ते. लुंगी आणि गळ्यातला पंचा घरात ठेवावा. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की चेन त्याला चावते, आणि सगळं पातं कमानीसारखं वर, तोंडाकडे फेकलं जातं. हा झटका माणसाच्या हातापेक्षा वेगवान असतो. डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवलेला हवा, मशीन खांद्याच्या वर न्यायची नाही, आणि शिडीवर चढून तर नाहीच.

वादळात पडलेल्या झाडात ताण साठलेला असतो. दोन टेकूंवर आडवा पडलेला माड मध्ये कापायचा तर वरची बाजू दाबली गेलेली आणि खालची ताणलेली असते. वरून एक तृतीयांश काप घ्यावा, मग खालून वर. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून थोडं. चुकलं तर पातं चिमटीत सापडतं. मुळासकट उपटलेलं झाड त्याहून लबाड. बुंधा कापून सुटला की मुळांचा गड्डा आपल्या वजनाने परत खड्ड्यात बसतो आणि खुंट उभा राहतो. त्या खड्ड्यात कोणी, विशेषतः पोरं, उतरलेली नसावीत.

स्वतःच्या परड्यातला आंबा, फणस, जांभूळ, ऐन किंवा किंजळ असला तरी तोडायला १९६४ च्या महाराष्ट्राच्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते. शहरात १९७५ चा कायदा, गोव्यात १९८४ चा. मशीनवाला हे सांगणार नाही.

काम संपलं की झाकण उघडून भुसा जुन्या ब्रशने काढायचा, पात्याची खोबणी खिळ्याने उकरायची, आणि पातं उलटं करून बसवायचं म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. चेन सैल सोडायची, कारण तापल्यावर ती लांबलेली असते आणि तशीच ताणून ठेवली तर थंड होताना आखडून पातं आणि क्रँकवर जोर येतो. एअर फिल्टर झटकायचा. मग टाकीतलं उरलेलं पेट्रोल बाटलीत ओतायचं आणि मशीन आपसूक बंद पडेपर्यंत चालू ठेवायची. बंद पडली की चोक देऊन आणखी तीन-चार वेळा दोरी ओढायची. कार्ब्युरेटरच्या पोटात चमचाभर उरलेलं असतं, तेही जळून जाऊ द्यायचं.